'शरणागती' आणि लिग्युजेचा मठ

मिशेल वेलबेक या फ्रेंच कादंबरीकाराची 'सूमिसियों' ही कादंबरी आमच्या हाती उशिरा आली. तिच्या नावाचे मराठी 'शरणागती' असे करता येईल. ती पॅरिसमध्ये ७ जानेवारी २०१५ रोजी प्रसिद्ध झाली आणि त्याच दिवशी सकाळी 'शार्ली एब्दो' या व्यंग-साप्ताहिकाच्या कचेरीवर हल्ला करून दोघा बंदूकधाऱ्यांनी बारा जणांचे प्राण घेतले. साप्ताहिकाच्या त्या आठवड्याच्या मुखपृष्ठावर वेलबेकचेच व्यंगचित्र होते. मृतांमध्ये त्याचा मित्र, अर्थशास्त्रज्ञ बेर्नार मारिस, हाही होता. अशा योगायोगाने बाहेर पडलेले पुस्तक कोणी कादंबरी म्हणून वाचत नाही. ते भविष्यवाणी म्हणून वाचले जाते. या पुस्तकाचेही तसेच झाले.

आम्हांला ते दिले आमच्या धर्मग्रामातल्या एका तरुणाने. हा मुलगा जहाजावर नोकरीला असतो, वाचनाचा नाद राखून आहे, आणि रजेवर आला की आवर्जून भेटायला येतो. इंग्रजी भाषांतराची प्रत टेबलावर ठेवून तो म्हणाला, "फादर, हे वाचा. युरोपचं काय होणार आहे ते यात आहे. उद्या आपलंही तेच." मिस्सेनंतर चर्चच्या आवारात रेंगाळणाऱ्या मंडळींच्या तोंडी अलीकडे हे बोलणे पुष्कळदा येते. ते बोलणारी माणसे दुष्ट नाहीत. त्यांतली निम्मी आमच्या हातून बाप्तिस्मा घेतलेली आहेत. त्यांची भीती खरी आहे, आणि तिला आधार म्हणून असे एखादे पुस्तक पुढे केले जात असेल तर ते पुस्तक नीट वाचणे हे आमचे काम आहे, असे आम्हांस वाटले.

कथानक असे आहे. साल २०२२. फ्रान्सच्या अध्यक्षीय निवडणुकीच्या पहिल्या फेरीत मारीन ल पेन आघाडीवर येते आणि मुस्लिम पक्षाचा मोहम्मद बेन अब्बेस समाजवाद्यांना निसटते मागे टाकून दुसरा येतो. ल पेनला रोखायचे म्हणून डावे आणि उजवे दोघेही बेन अब्बेसच्या मागे उभे राहतात. बेन अब्बेसला अर्थखात्यात फारसा रस नाही, त्याला हवे आहे शिक्षणखाते. तो निवडून येतो. बायका नोकऱ्या सोडून घरी बसतात, त्यामुळे बेकारी घटते. बहुपत्नीत्वाला मुभा मिळते. सोर्बोन विद्यापीठ अरबी पैशावर चालू लागते आणि जे प्राध्यापक इस्लाम स्वीकारणार नाहीत त्यांना भरघोस निवृत्तिवेतन देऊन घरी पाठवले जाते. (प्रत्यक्षात २०२२ साली यातले काहीच घडले नाही, माक्रों पुन्हा निवडून आले. कादंबरीत पंतप्रधान होणारे फ्रांस्वा बायरू मात्र डिसेंबर २०२४ मध्ये खरोखर पंतप्रधान झाले, तेही निराळ्याच कारणाने आणि एक वर्षसुद्धा न टिकण्यासाठी.) ही सारी उलथापालथ सांगतो चव्वेचाळीस वर्षांचा फ्रांस्वा नावाचा प्राध्यापक. तो एकटा आहे, कंटाळलेला आहे, तयार जेवणाची पाकिटे गरम करून खातो. मिरियम या ज्यू मैत्रिणीवर त्याचा थोडाफार जीव आहे; तीही आईवडिलांबरोबर इस्राएलला निघून जाते. शेवटी नवा कुलगुरू रेदिजे त्याला घरी बोलावतो, उंची मद्य पाजतो, तिप्पट पगार आणि एकाहून अधिक बायकांची आशा दाखवतो, आणि फ्रांस्वा मनाने तयार होतो.

उपरोध लिहावा तर वेलबेकने. विद्यापीठातली मत्सराची सूक्ष्म श्रेणी, मेजवानीतले तुच्छतेचे कटाक्ष, पत्रकारांचे पोपटी ज्ञान हे तो थंडपणे टिपतो. पण आम्हांस खरी दाद द्यावीशी वाटली ती दोन प्रसंगांना, आणि ते दोन्ही कॅथलिक आहेत. पॅरिसमध्ये दंगली भडकतात म्हणून फ्रांस्वा नैर्ऋत्येकडे पळतो आणि रोकामादूरला पोहोचतो. तेथे कड्याच्या कुशीत काळ्या मातेचे प्राचीन देवालय आहे. राजे तेथे गुडघ्यांवर चढून गेले. फ्रांस्वा त्या मूर्तीपुढे जाऊन बसू लागतो. एके दिवशी पेगीच्या कवितांचे वाचन चालू असताना त्याला वाटते की माता वर वर उचलली जात आहे आणि तिच्या मांडीवरचा बाळ आता तिच्यापासून सुटून उभा राहील. मग त्याच्या मनात येते, ही भुकेने आलेली भोवळ तर नव्हे? तो उठतो आणि पायऱ्या उतरून जातो. पुढे तो लिग्युजेच्या बेनेडिक्टाइन मठात राहायला जातो. तेथे खोलीत धूर ओळखणारे यंत्र बसवलेले असल्याने त्याला सिगारेट ओढता येत नाही, आणि दोनतीन दिवसांत तो तेथूनही बाहेर पडतो. आमच्या एका धर्मगुरुमित्राला हे वाचून हसू आले. आम्हांस आले नाही. देवाच्या दारापर्यंत जाऊन सिगारेटसाठी परत फिरलेली माणसे आम्ही पाहिली आहेत, आणि लग्नाच्या नोंदवहीत सही करण्यापुरती आत आलेलीही पाहिली आहेत.

म्हणजे या कादंबरीचा खरा विषय मुसलमान नाही. तो आहे एका समाजाची रिकामी झालेली कूस. ज्याला स्वतःचे असे काही सांगायचे उरलेले नाही तो कोणालाही शरण जाईल, असे वेलबेक म्हणतो. फ्रांस्वाच्या धर्मांतरात देव कोठेच नाही. त्यात पगार आहे, बिछाना आहे, गरम जेवण आहे. पाश्चात्त्य सुशिक्षितांवरचा हा आरोप वेलबेकने सिद्ध केला आहे, हे आम्ही मान्य करतो. पण त्या आरोपासाठी त्याने ज्यांना साक्षीला उभे केले त्यांना तोंडच दिलेले नाही, ही आमची पहिली तक्रार.

मुस्लिम फ्रान्सची ही कादंबरी आहे ना? मग तिच्यात मुसलमान शोधून पाहावेत. बेन अब्बेस दिसतो तो बहुतांशी दूरचित्रवाणीवर, किंवा गुप्तहेर खात्यातल्या एका फ्रेंच अधिकाऱ्याच्या बोलण्यातून. रेदिजे धर्मांतरित आहे. तत्त्वज्ञान सांगतो तो तोच. त्याच्या दोन बायका आपल्याला घटकाभर दिसतात: एक वयस्क, जी चविष्ट खाद्यपदार्थांची बशी पाठवते, दुसरी जेमतेम पंधरा वर्षांची, जी परका पुरुष पाहून तोंड झाकून पळते. विद्यापीठाच्या बोळांतून बुरख्यातल्या मुली जातात येतात. पहाटे उठून कामावर जाणारा, मुलाच्या गणिताची काळजी करणारा, शुक्रवारी सुट्टी मिळत नाही म्हणून घरी येऊन नमाज पढणारा एकही मुसलमान आमच्या लक्षात राहिला नाही. आणि ज्या दिवशी हे पुस्तक दुकानांत आले त्याच दिवशी, त्या साप्ताहिकाच्या कचेरीबाहेरच्या रस्त्यावर, जखमी होऊन पडलेल्या एका पोलिसाला हल्लेखोरांनी जवळ येऊन गोळी घातली. त्याचे नाव अहमद मेराबे. तो मुसलमान होता आणि फ्रेंच प्रजासत्ताकाच्या गणवेशात मेला. त्याला या कादंबरीत जागा नाही.

दुसरी तक्रार अधिक जवळची आहे. फ्रांस्वाने आयुष्यभर अभ्यास केला तो उइस्मान्स (१८४८–१९०७) या लेखकाचा. विलासी, कुजक्या सौंदर्याची 'आ रबूर' ही कादंबरी १८८४ साली लिहिणारा हा माणूस पुढे कॅथलिक श्रद्धेकडे वळला आणि लिग्युजेच्या मठाशेजारी घर करून, मठाशी बांधलेला गृहस्थ म्हणून राहिला. फ्रांस्वा लिग्युजेला जातो तो त्याच्या पाऊलखुणा शोधत. अखेर प्रस्तावना लिहिताना तो असा निष्कर्ष काढतो की उइस्मान्सची खरी आस देवाची नव्हती. ती होती घरच्या उबेची, चार मित्रांबरोबरच्या सुग्रास जेवणाची. ठीक आहे, लेखकाचा असाही अर्थ लावता येतो. पण उइस्मान्सला लिग्युजे सोडावे का लागले, हा प्रश्न या कादंबरीने धर्म आणि राज्य यांच्याविषयी बोलताना मध्यभागी ठेवायला हवा होता.

उइस्मान्सने लिग्युजे सोडले, कारण मठच रिकामा झाला. जुलै १९०१ मध्ये फ्रेंच सरकारने संस्थाविषयक कायदा केला, त्यानुसार प्रत्येक धर्मसंघाला संसदेची परवानगी आवश्यक झाली, आणि लिग्युजेचे साधू बेल्जियमला निघून गेले. १९०३ साली ग्रांद शार्त्रझच्या मौनव्रती साधूंना सैनिकांनी मठाबाहेर काढले. १९०४ साली धर्मसंघीयांना शिकवण्याचीच बंदी झाली; हजारो धर्मबंधू व धर्मभगिनी देश सोडून गेल्या. उइस्मान्सने हे सारे 'लोब्ला' या १९०३च्या कादंबरीत लिहिले आहे: मठ हळूहळू ओस पडतो, प्रार्थनेतला एकेक आवाज कमी होतो, आणि नायक दुर्ताल सामान बांधून पॅरिसला परततो. आम्ही विद्यार्थिदशेत ती वाचली तेव्हा तिच्यातली पूजाविधीची लांबलचक वर्णने आम्हांस जड गेली होती. आता पुन्हा चाळली तेव्हा तिच्यातली भीती दिसली. राज्याने ज्याला 'तू आमच्यात बसत नाहीस' म्हटले त्या माणसाची ती भीती आहे, आणि त्या वेळी तो माणूस कॅथलिक होता.

प्रजासत्ताकवाद्यांचा आक्षेप तरी काय होता? यांची निष्ठा आल्प्सपलीकडे, रोमला. हे बायकांना पापनिवेदनाच्या खुर्चीतून ताब्यात ठेवतात. हे मुलांना विज्ञान शिकू देत नाहीत. यांना राज्य आणि धर्म यांतला भेदच कळत नाही. आजच्या वाचकाला ही वाक्ये ओळखीची वाटतील. फक्त पत्ता बदलला आहे. आणि आपण प्रामाणिक असलो तर हेही कबूल करू की आक्षेप अगदी निराधार नव्हता. नववे पायस यांनी १८६४ साली जी चुकांची यादी प्रसिद्ध केली तीत चर्च व राज्य यांची फारकत असावी हे मत चुकांमध्ये गणले होते. धर्मसत्ता आणि राजसत्ता एका किल्ल्यात राहिली की काय होते, हे वसईच्या माणसाला पोर्तुगीज काळाच्या आठवणीने वेगळे सांगायला नको.

९ डिसेंबर १९०५चा फारकतीचा कायदा म्हणून मुळापासून समजून घ्यावा लागतो. आपल्याकडे त्याचे भाषांतर सरसकट 'धर्मनिरपेक्षता' असे करतात, पण फ्रेंच 'लाइसिते' ही आपल्या घटनेतल्या कल्पनेहून निराळी आहे. आपले राज्य सर्व धर्मांशी व्यवहार ठेवते. धार्मिक संस्थांच्या शाळांना अनुदान देते, सणांना सुट्ट्या देते. फ्रेंच कायद्याचे पहिले कलम विवेकस्वातंत्र्याची हमी देते व सार्वजनिक सुव्यवस्थेच्या मर्यादेत उपासनेचे स्वातंत्र्य सांभाळते. दुसरे कलम म्हणते की प्रजासत्ताक कोणत्याही पंथाला मान्यता देत नाही, पगार देत नाही, अनुदान देत नाही. पहिले कलम आधी आहे, याचा विसर कॅथलिकांना त्या काळी पडला आणि प्रजासत्ताकवाद्यांना आता पडू लागला आहे, असे आमचे मत आहे.

त्या कायद्याच्या चर्चेतला एक प्रसंग आम्हांस फार बोलका वाटतो. १९०५ साली शाबेर नावाच्या खासदाराने दुरुस्ती सुचवली की धर्मगुरूंना रस्त्यात झगा घालून फिरण्यास मनाई करावी. झगा माणसाला समाजापासून तोडतो, तेव्हा त्यातून त्याची सुटका करणे हे राज्याचे कर्तव्य आहे, असा त्याच्या युक्तिवादाचा रोख होता. कायद्याचे शिल्पकार आरिस्तिद ब्रियां स्वतः निरीश्वरवादी वळणाचे. पण त्यांनी विरोध केला. झग्यावर बंदी घातली तर धर्मगुरू आणि शिंपी मिळून दुसरा एखादा वेष शोधून काढतील, आणि मग आपण त्यावरही कायदा करणार काय, असे त्यांनी साधारण विचारले. दुरुस्ती मोठ्या बहुमताने फेटाळली गेली. त्याआधी, १९०० साली, पॅरिसला लागून असलेल्या ल क्रेमलॅं-बिसेत्र या गावच्या महापौराने आपल्या हद्दीत झग्याला मनाई करून टाकलीच होती. शंभराहून अधिक वर्षांनी, २०१६च्या उन्हाळ्यात, दक्षिण किनाऱ्यावरच्या काही महापौरांनी सर्वांग झाकणाऱ्या पोहण्याच्या पोषाखाला मनाई केली, आणि २६ ऑगस्ट रोजी फ्रान्सच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने वीलनव-लूबे गावचा हुकूम स्थगित केला. आम्ही सणाच्या मिरवणुकीत झगा घालून चालतो तेव्हा अलीकडे कधी कधी शाबेर महाशयांची आठवण होते.

कॅथलिकांनी १९०५चा कायदा कसा स्वीकारला? मुळीच स्वीकारला नाही. पोप दहावे पायस यांनी ११ फेब्रुवारी १९०६च्या परिपत्रात त्याचा कडक निषेध केला आणि कायद्याने सांगितलेली उपासना-मंडळे स्थापण्यास पुढे मनाई केली. (गोरेगावच्या ज्या सेमिनरीत आमचे शिक्षण झाले ती याच पोपमहाशयांच्या नावाची. चर्चच्या इतिहासाच्या तासाला हा कायदा आम्ही 'छळ' या सदराखाली शिकलो.) चर्चमधील वस्तूंची यादी करण्यास सरकारी अधिकारी आले तेव्हा लोकांनी दारे आतून लावून घेतली; उत्तरेकडे एका गावात एक मनुष्य गोळी लागून मेला आणि मंत्रिमंडळ पडले. सरकारही नंतर मवाळ झाले. १९१४ साली परागंदा झालेले धर्मगुरू युद्धासाठी परत आले आणि खंदकांत इतरांबरोबर मेले. तरी समझोता व्हायला १९२४ उजाडले. त्या वर्षी अकरावे पायस यांनी धर्मप्रांतवार मंडळांना संमती दिली. एकोणीस वर्षे. आणि तत्त्व म्हणून मान्यता त्याहूनही उशिरा आली. धर्मस्वातंत्र्याचा जाहीरनामा दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली दिला. २००५ साली दुसरे जॉन पॉल यांनी फ्रेंच बिशपांना पत्र लिहिले की लाइसितेचे तत्त्व, योग्य रीतीने समजून घेतले तर, चर्चच्या सामाजिक शिकवणुकीचाच भाग आहे. त्या पत्रावरची तारीखही ११ फेब्रुवारीच आहे, निषेधाच्या परिपत्रानंतर नेमक्या नव्याण्णव वर्षांनी.

ज्यांना इतका वेळ लागला, त्यांनी इतरांकडे घड्याळ दाखवताना जरा थांबावे.

'इस्लामला फारकत माहीतच नाही' असे वेलबेकचे पात्रच नव्हे तर पुष्कळ शहाणी माणसे म्हणतात. त्यांना अल्जीरिया आठवत नाही. तेव्हा अल्जीरिया फ्रान्सचाच भाग मानला जाई. १९०५चा कायदा १९०७ साली एका हुकमाने तेथे लागू झाला खरा, पण पळवाट ठेवून: सार्वजनिक हिताच्या नावाखाली वसाहत सरकारने इमामांचे वेतन आणि त्यांची नेमणूक आपल्या हाती ठेवली. नियंत्रण सोडायचे नव्हते. पुढे बेन बादिस आदी अल्जीरियन उलेमांनी १९३१ साली संघ काढला आणि त्यांनी मागणी केली की फारकतीचा कायदा आम्हांलाही पूर्णपणे लागू करा. मुसलमान धर्मशास्त्री फारकत मागत होते आणि प्रजासत्ताक ती देत नव्हते. हे एक प्रकरण फ्रान्सच्या शाळांतून नीट शिकवले गेले तर पुष्कळ भाषणे आपोआप लहान होतील.

मालमत्तेचा हिशेबही असाच गमतीचा. १९०५पूर्वी बांधलेली धर्मग्रामांची चर्चे गावांच्या मालकीची झाली, महामंदिरे राज्याची. कॅथलिक ती विनामूल्य वापरतात आणि डागडुजी बहुतेक सार्वजनिक तिजोरीतून होते. नोत्र दाम राज्याची आहे. आल्सेस-मोझेल प्रांत १९०५ साली जर्मनीकडे होता, म्हणून तेथे आजही जुना करार चालतो आणि कॅथलिक धर्मगुरू, प्रॉटेस्टंट पाळक व ज्यू रब्बी यांना राज्य पगार देते. इमामाला देत नाही. मुसलमान मजूर मोठ्या संख्येने आले ते दुसऱ्या महायुद्धानंतर, म्हणजे वाटप झाल्यावर. त्यांनी गोदामांत आणि तळघरांत नमाज पढला, आणि मशिदीसाठी परदेशी पैसा घेतला की त्याबद्दल त्यांनाच बोल लावला गेला. अपवाद एक: पॅरिसची मोठी मशीद. पहिल्या महायुद्धात फ्रान्ससाठी मेलेल्या मुसलमान सैनिकांच्या स्मरणार्थ १९२० साली संसदेने तिला पाच लाख फ्रॅंकांचे अनुदान मंजूर केले आणि १९२६ साली अध्यक्ष दूमेर्ग यांनी तिचे उद्घाटन केले. फारकतीचा कायदा तेव्हा वीस वर्षांचा होता. वेलबेकचा फ्रांस्वा आपल्या धर्मांतराचा सोहळा डोळ्यांपुढे आणतो तो याच मशिदीत. तिच्या पायात प्रजासत्ताकाचा पैसा आणि सैनिकांचे रक्त आहे, याचे ओझे त्या प्रसंगावर कोठेही पडत नाही.

येथे आमचा तरुण मित्र आम्हांला थांबवील हे आम्ही जाणतो. फादर, तुमच्या उइस्मान्सने कोणाचा गळा चिरला नव्हता. खरे आहे. २०२० साली सामुएल पाती या शिक्षकाला वर्गात व्यंगचित्रे दाखवली म्हणून शिरच्छेद करून मारण्यात आले. त्याच महिन्यात नीसच्या मरियामातेच्या मंदिरात तिघांचा खून झाला. २६ जुलै २०१६ रोजी सॅंतेतियेन-द्यु-रूव्रे येथे पंचाऐंशी वर्षांचे फादर जाक आमेल यांना सकाळच्या मिस्सेच्या वेळी वेदीपाशी मारले. आम्हीही सकाळी मोजक्याच माणसांपुढे मिस्सा अर्पण करतो. ती बातमी वाचल्यावर काही दिवस मागच्या दाराचा आवाज झाला की आमची मान वळत असे. या हिंसेला इस्लामी राजकारणाचा एक खरा विचार खतपाणी घालतो, आणि तो विचार धर्म व राज्य वेगळे ठेवायला तयार नाही. त्याच्याविरुद्ध कायदा कठोर असलाच पाहिजे. शिवाय कॅथलिकांचा प्रश्न शेवटी एका पोपच्या सहीने सुटला. मुसलमानांमध्ये अशी सही करणारा कोणी नाही. २००३ साली सरकारनेच पुढाकार घेऊन त्यांची प्रतिनिधी परिषद उभारली, पण ती कधी सर्वांची झाली नाही. कोणत्याही पंथाला न ओळखणारे राज्य एका पंथासाठी प्रतिनिधी शोधत फिरते, यातली विसंगती बाजूला ठेवली तरी अडचण खरी आहे.

पण फादर आमेल यांच्या गावची उरलेली गोष्टही सांगावी लागते. तेथील मशीद ज्या जमिनीवर आहे ती कॅथलिक धर्मग्रामाने नाममात्र किमतीस दिलेली. फादर आमेल आणि तेथील मुस्लिम मंडळी संवादासाठी एकत्र बसत. खुनानंतरच्या रविवारी, ३१ जुलैला, फ्रान्समधील अनेक चर्चांत मुसलमान स्त्रीपुरुष मिस्सेला येऊन बसले. वेलबेकच्या कादंबरीत मुसलमान चर्चमध्ये येऊन मागच्या बाकावर बसण्याची शक्यताच नाही, आणि कॅथलिकाने मशिदीला जागा देण्याचीही नाही. तेथे फक्त जिंकणारे आणि शरण जाणारे आहेत.

शाळेचा प्रश्न आम्ही शेवटी घेत आहोत, कारण तेथे आमचे हात पूर्ण स्वच्छ नाहीत. १९८९ साली क्रेय येथे तीन मुलींना रुमालामुळे शाळेबाहेर काढले तेव्हापासून हा वाद चालला, आणि स्तासी आयोगाच्या शिफारशीनंतर १५ मार्च २००४च्या कायद्याने सरकारी शाळांत ठळक धर्मचिन्हांना बंदी झाली: मोठा क्रूस, ज्यू टोपी, हिजाब. कायदा खाजगी शाळांना लागू नाही, म्हणून काही मुस्लिम मुली कॅथलिक शाळांत गेल्या. मार्सेयच्या काही कॅथलिक शाळांत तर बहुसंख्य मुले मुस्लिम आहेत. मठ रिकामे केले गेले त्याच देशात हे घडते.

काही वर्षांपूर्वी आम्ही एका शाळेचे व्यवस्थापक होतो. नववीतली एक मुलगी रुमाल बांधून येऊ लागली. आम्ही तिच्या वडिलांना बोलावले. त्यांची बेकरी होती. शाळेच्या वार्षिक कार्यक्रमाला त्यांच्याकडूनच पाव येत. आम्ही गणवेशाचा नियम वाचून दाखवला. ते म्हणाले, "जशी तुमची मर्जी, फादर." आमच्या शेजारी मुख्याध्यापिका सिस्टर बसल्या होत्या, डोक्यावर शुभ्र ओढणी घेऊन. मुलीने एकदा त्यांच्या डोक्याकडे पाहिले आणि मग खाली पाहिले. कोणी काही बोलले नाही. वर्षाअखेरीस तिचा दाखला गेला. गणवेशाचा नियम चूक होता असे आम्ही आजही म्हणणार नाही. २०२२ साली कर्नाटकातले असेच प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले तेव्हा दोन न्यायमूर्तींचीच मते दोन बाजूंना पडली, तेथे आम्ही कोण. पण आम्ही त्या मुलीला एकही प्रश्न विचारला नव्हता. तिला काय वाटते, ती रुमाल का बांधते, कोणी सांगितले की तिचे तिने ठरवले, काहीच नाही. वेलबेकविरुद्धची आमची पहिली तक्रार लिहिताना ती खोली आमच्यासमोर होती.

'शरणागती'चे शेवटचे प्रकरण संकेतार्थी क्रियापदांत लिहिलेले आहे. फ्रांस्वा शरण जातो असे लेखक म्हणत नाही. तो जाईल, सोहळा असा असा होईल, विद्यार्थिनी त्याच्याकडे आदराने पाहतील, असे म्हणतो. म्हणजे दार अजून बंद झालेले नाही. ज्यांनी भविष्यवाणी म्हणून पुस्तक वाचले त्यांनी हे व्याकरण बहुधा वाचले नाही.

रजा संपण्याच्या आदल्या दिवशी तो तरुण पुस्तक न्यायला आला. हे सगळे आम्ही त्याला जमेल तसे सांगितले. त्याला ते पटले असे दिसले नाही. जाता जाता म्हणाला, त्यांच्या जहाजावर इंजिनखोलीत एक अल्जीरियन फिटर आहे, फ्रान्समध्येच वाढलेला, जेवायला नेहमी समोर बसतो. आम्ही विचारले, त्याने वाचली का ही कादंबरी? "विचारलं नाही," तो म्हणाला, आणि पुस्तक पिशवीत घातले.